टपाल कुठे ठेवायचं: आंबा संस्थेच्या मेल-स्थलांतराच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, रत्नागिरी

काम ठरलं. आंबा बागायतदारांच्या या सहकारी संस्थेची तीन कार्यालयं आहेत: चिपळूण, रत्नागिरी, देवगड. तिन्हीकडची मशीनं जुनी झालीत आणि १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय, म्हणून संचालक मंडळाने नवी मशीनं मंजूर केली. मशीनं आणून बसवणं दुकानदाराकडे. माझ्याकडे आलंय ते टपाल. प्रत्येक टेबलावरचे ईमेल, पत्ते, जोडलेले कागद जुन्यावरून नव्यावर न्यायचे, आणि यापुढे ते कुठे राहतील याचा एक नियम घालून द्यायचा.

मला दुसरा भाग मोठा वाटतो. मेल एकदा हलवून देणारे पुष्कळ भेटतील. पण पाच वर्षांनी मशीन पुन्हा बसेल, तेव्हा समोरच्या माणसाला कुठे हात घालायचा हे कळलं पाहिजे.

सचिवांनी विचारलं, सगळं ब्राउझरमध्येच का नाही ठेवत? प्रश्न रास्त आहे. पण संस्थेच्या डोमेनवर प्रत्येकाला मिळालेली जागा थोडी आहे. त्यामुळे पहिल्यापासून पॉप पद्धत आहे: मेल मशीनवर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. याचा अर्थ, एखादं पत्र जगात एकाच ठिकाणी आहे, त्या टेबलाखालच्या डब्यात. शिवाय पावसाळ्यात देवगडला नेट किती वेळ असेल याचा भरवसा नाही. जुनं पत्र काढायला नेट लागता कामा नये, यावर तिन्ही कार्यालयांचं एकमत आहे.

६ ऑगस्ट, देवगड

आज जे सापडलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर ठरणार.

इथे एक खूप जुना मेल प्रोग्राम वापरात आहे. बनवणाऱ्यांनी तो केव्हाच बंद केलाय, पण लेखनिक ताईंचा हात त्यावर बसलेला. त्यांच्या लॉगिनमधून उघडला की कालपर्यंतचे मेल दिसतात. त्याच मशीनवर व्यवस्थापक काकांच्या लॉगिनमधून तोच प्रोग्राम उघडला, तर शेवटचा मेल जून २०१२ चा. परत ताईंच्या लॉगिनला आलो, आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ केलं, तर पुन्हा २०१२. मधली तेरा वर्षं गायब.

काका मागे उभे होते. पंचवीस-तीस वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेला. म्हणाले, “बाकीचा माका काय कळाचा नाय. माका इतक्याच सांग, माझी पत्रां खंय आसत?”

प्रश्न इतका नेमका आहे की तोच या कामाची कसोटी म्हणून धरतोय. कुठल्याही टेबलावरच्या माणसाला याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे.

उत्तर टास्क मॅनेजरमध्ये मिळालं. डिटेल्सच्या पानावर ‘यूएसी व्हर्च्युअलायझेशन’ नावाचा रकाना लावता येतो. या प्रोग्रामसमोर तिथे ‘एनेबल्ड’ होतं. मग सी ड्राइव्हवर मेलबॉक्सच्या फाइलचं नाव शोधलं आणि एकाच नावाच्या दोन फाइली निघाल्या. एक प्रोग्राम फाइल्समध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर प्रोग्राम बसवले जातात त्या फोल्डरात, तारीख जून २०१२. दुसरी ताईंच्या युजर फोल्डरमध्ये, ॲपडेटा, त्याच्या आत लोकल, त्याच्या आत व्हर्च्युअलस्टोअर, त्याच्या आत प्रोग्राम फाइल्सची अख्खी नक्कल, आणि तिथे ही फाइल. तारीख कालची, आकार पहिलीच्या कित्येक पट.

हे कसं झालं? प्रोग्राम विंडोज ९८ च्या काळातला. तेव्हाच्या फॅट३२ डिस्कवर कुणी कुठे लिहावं याची परवानगी नावाची गोष्टच नव्हती, म्हणून पुष्कळ प्रोग्राम आपल्याच फोल्डरात टपाल ठेवत. एक्सपीवर परवानग्या होत्या, पण सगळेच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून बसत, त्यामुळे कुणाला काही अडलं नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आली आणि मायक्रोसॉफ्टने हे दार बंद केलं: साधं लॉगिन प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू शकणार नाही. मग जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून आडवाट ठेवली. जुना ३२ बिटचा प्रोग्राम तिथे लिहायला गेला की विंडोज ती फाइल गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये उतरवते आणि पुढचं सगळं लिखाण तिथे होतं. प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरात लिहितोय. ही नक्कल ज्याची त्याची वेगळी, म्हणून काकांना ती दिसत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की आडवाट बंद होते आणि मूळ फाइल समोर येते.

इथे जून २०१२ मध्ये एक्सपीचं मशीन जाऊन विंडोज ७ चं आलं आणि जुना फोल्डर उचलून तसाच प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला गेला. त्या दिवसापासून मूळ फाइल गोठली.

आणि आता खरी धडकी भरवणारी गोष्ट. ताई दर महिन्याला न चुकता पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात. तो प्रोग्राम फाइल्समधल्या फोल्डरचा, जसं त्यांना कुणीतरी शिकवून गेलं तसा. म्हणजे तेरा वर्षं त्या एकाच २०१२ च्या फाइलची प्रत काढतायत. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. त्या सगळ्या महिन्यांतला निर्यातदारांशी झालेला पत्रव्यवहार बॅकअपमध्ये नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या सुमाराचे कागदही नाहीत. डिस्क मागच्या पावसाळ्यात गेली असती तर हे सगळं गेलं असतं, आणि हातात नीट लेबल लावलेले पेनड्राइव्ह उरले असते.

ताईंचं यात काडीचंही चुकलेलं नाही. सांगितलेलं काम त्यांनी निष्ठेने केलं. टपाल प्रोग्रामच्या पोटात ठेवलं की असं होतं.

निघण्याआधी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फोल्डरच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर काढल्या. एक काकांच्या कपाटात, एक माझ्याबरोबर.

१२ ऑगस्ट, चिपळूण

इथली कथा नेमकी उलटी. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम आहे, बऱ्यापैकी नवा, सगळं आजच्या रिवाजाप्रमाणे. प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये. टपाल युजरच्या ॲपडेटामध्ये, रोमिंगच्या आत, थंडरबर्डच्या आत, प्रोफाइल्समध्ये. पाठ्यपुस्तकात दाखवावं असं. तरीही २०२३ च्या आधीचं एकही पत्र नाही.

२०२१ च्या आधीचं गेलं ते समजण्यासारखं आहे. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दप्तरं आणि रजिस्टरं माळ्यावर चढवली होती, पण कॉम्प्युटरचा डबा टेबलाखालीच राहिला. पाण्याची रेघ अजून भिंतीवर दिसते. त्या रात्री डबा वर न्यायचा सुचला नाही याबद्दल मी कुणाला बोल लावणार नाही.

पण त्यानंतरची दोन वर्षं कुठे गेली? मशीन हळू झालं, तंत्रज्ञाला बोलावलं, त्याने विंडोज मारून दिली. तसं करण्याआधी त्याने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हला काढून ठेवलं होतं, विचारूनच. ॲपडेटा हा लपवलेला फोल्डर. एक्सप्लोररमध्ये तो दिसतच नाही, तर तो कुणी उचलायचा? थंडरबर्ड पुन्हा टाकला, खातं जोडलं, इनबॉक्स रिकामा. पॉप असल्यामुळे सर्व्हरवरही काही नाही.

दोन कार्यालयांतून सारखाच निष्कर्ष निघतो. देवगडला टपाल चुकीच्या जागी होतं, चिपळूणला बरोबर जागी. दोन्हीकडे ते कुठे आहे हे माणसाला माहीत नव्हतं.

यातलं काही परत मिळेल. चिपळूणने रत्नागिरीला पाठवलेलं रत्नागिरीच्या इनबॉक्समध्ये असेल, रत्नागिरीने पाठवलेलं तिथल्या सेंटमध्ये. ते गाळून काढायचं वेगळं काम नोंदवून ठेवतोय.

१९ ऑगस्ट, रत्नागिरी

दिवसभर धो-धो पाऊस, लाईट येऊन-जाऊन. इन्व्हर्टरवर बसून नियमाचा विचार केला.

सुरुवात सोप्या बाजूने. प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्येच हवा, साध्या लॉगिनला जिथे फक्त वाचता येतं. यात तीन फायदे आहेत. मेलबरोबर आलेली कीड त्या युजरच्या नावाने चालली तरी मेल प्रोग्रामची फाइल बदलू शकत नाही. नवी आवृत्ती आली की अख्खा फोल्डर बिनधास्त बदलता येतो, कारण त्यात आपलं काहीच नाही. आणि एकच प्रत सगळ्या लॉगिनांना पुरते. हल्ली काही प्रोग्राम ॲडमिनचा पासवर्ड लागू नये म्हणून स्वतःलाच ॲपडेटामध्ये बसवतात. घरच्या मशीनवर चालेल. एका मशीनवर तिघं बसतात अशा कार्यालयात मला ते मान्य नाही: तीन प्रती, तीन आवृत्त्या, आणि प्रत्येक प्रत युजरच्या परवानगीने बदलता येणारी.

टपालाची बाजू अवघड. ‘युजरचा डेटा’ असं एका दमात म्हणतात, पण थंडरबर्डचं प्रोफाइल, म्हणजे एका माणसाचं सगळं ठेवणारा फोल्डर, उघडून बघितलं की त्यात निरनिराळ्या जातीच्या वस्तू एकत्र नांदताना दिसतात. पत्रांच्या फाइली, म्हणजे इनबॉक्स, सेंट वगैरे, कुठलंही एक्स्टेन्शन नसलेल्या. पत्त्यांची वही, एबुक.एसक्यूलाइट. चाळण्यांचे, म्हणजे फिल्टरचे, नियम, प्रत्येक खात्याच्या फोल्डरात वेगळे. पॉपस्टेट.डॅट, ज्यात कुठली पत्रं उतरवून झाली याची नोंद असते. मेल सर्व्हरवर ठेवायची सेटिंग असेल आणि ही फाइल हरवली तर सगळं टपाल दुसऱ्यांदा उतरतं. यातलं काही गेलं तर परत मिळत नाही किंवा डोकेदुखी होते.

शेजारीच .एमएसएफ फाइली. त्या नुसत्या सूची. खुशाल पुसा, थंडरबर्ड पुन्हा बनवतो. शोधासाठीचा ग्लोबल-मेसेजेस-डीबी हाही तसाच, आणि बराच मोठा होऊ शकतो. कॅश तर थंडरबर्ड मुळातच रोमिंगमध्ये ठेवत नाही, लोकलमध्ये ठेवतो. हे शहाणपणाचं आहे, आणि तेच शहाणपण आयमॅपच्या, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो त्या पद्धतीच्या, उतरवलेल्या प्रतींना का लावलं नाही हे मला पटत नाही. त्याही सर्व्हरवरून पुन्हा आणता येतात, पण त्या रोमिंगमध्ये बसतात.

रोमिंग या फोल्डरचा हेतूच वेगळा. मोठ्या कार्यालयात सर्व्हर असतो, माणूस कुठल्याही मशीनवर लॉगिन करतो आणि हा फोल्डर त्याच्या मागोमाग येतो. सेटिंगच्या चार फाइली अशा फिरवणं ठीक आहे. पाच-दहा जीबीचं टपाल लॉगिनच्या वेळी फिरायला लागलं तर सकाळी चहा होऊन जाईल तरी डेस्कटॉप दिसणार नाही. आउटलुक आपली ओएसटी फाइल लोकलमध्ये ठेवतं ते बरोबर आहे: ती सर्व्हरवरच्या टपालाची नक्कल, पुन्हा बनवता येते. त्याच आउटलुकची पीएसटी, जी एकमेव प्रत असू शकते, ती २०१० च्या आवृत्तीपासून डॉक्युमेंट्सच्या आत ‘आउटलुक फाइल्स’मध्ये जाते, माणसाला दिसेल अशा जागी. हा फरक करणाऱ्याने नीट विचार केलाय.

मग आपणही डॉक्युमेंट्समध्ये ठेवावं का? पूर्वी लगेच हो म्हटलं असतं. पण आता नव्या मशीनवर डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडशी जोडलेला असणं सर्रास झालंय. मेलबॉक्स म्हणजे दोन-चार जीबीची एकच फाइल, आणि प्रत्येक नव्या पत्राने ती बदलते. सिंक करणारा प्रोग्राम तिच्यामागे धावत राहतो, आणि अर्धवट लिहिलेली प्रत वर जाण्याचा धोका वेगळाच. देवगडच्या नेटवर तर विचारच नको.

२१ ऑगस्ट, रत्नागिरी

देवगडच्या काकांचा फोन. त्यांना जुनी पद्धतच आवडते: एक फोल्डर, त्यात प्रोग्राम आणि टपाल दोन्ही, उचलला की गाव बदलता येतं. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांचा पेगासस मेल हा मेल प्रोग्राम १९९० पासून आहे, आणि लोक वर्षानुवर्षं त्याला चिकटून राहिले त्यात हा सुटसुटीतपणा एक मोठं कारण असणार.

पण पोर्टेबल थंडरबर्ड पेनड्राइव्हवर टाकून आत बघा. बाहेरून एकच फोल्डर. आत ‘ॲप’ वेगळा, ‘डेटा’ वेगळा. जवळ ठेवणं आणि मिसळणं यात फरक आहे. पोस्टमन बदलला म्हणून घरातली पत्रं जात नाहीत, कारण ती त्याच्या पिशवीत ठेवलेली नसतात. काकांना हे असंच सांगितलं, पटलं. फक्त म्हणाले, “पण माका दिसाक होया.” बरोबर आहे.

२२ ऑगस्ट, रत्नागिरी

नियम ठरला. सचिवांना दाखवला, त्यांनी एक शब्दही न बदलता मान्य केला.

प्रोग्राम सी ड्राइव्हवर, त्याच्या नेहमीच्या जागी. टपाल डी ड्राइव्हवर, ‘टपाल’ नावाच्या एका फोल्डरात, आत प्रत्येक माणसाचा एक फोल्डर. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता, कारण काही जुनी साधनं देवनागरी किंवा मोकळी जागा असलेल्या वाटेवर अडखळतात. थंडरबर्डच्या प्रोफाइल मॅनेजरमधून नवं प्रोफाइल करताना हा फोल्डर दाखवायचा. मग प्रोफाइल्स.आयएनआय या छोट्या फाइलमध्ये ‘इझरिलेटिव्ह’च्या पुढे शून्य आणि खाली पूर्ण पत्ता येतो. ही फाइल मात्र ॲपडेटामध्येच राहते. ती गेली तर फक्त वाट हरवते, टपाल नाही.

डी ड्राइव्ह का? कारण आपल्याकडे मशीन बिघडलं की पहिला उपाय सी ड्राइव्ह फॉरमॅट. प्रत्येक तंत्रज्ञाला ‘डीला हात लावू नको’ एवढं सांगितलं की समजतं. जी सवय लोकांना आधीच आहे तिच्यावर नियम उभा केला तर तो टिकतो.

डी म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्याच कागदावर जाड अक्षरांत लिहिलंय. डी त्याच डिस्कचा तुकडा आहे. डिस्क गेली, पाणी आलं, वीज पडली तर सी आणि डी दोन्ही एकदम जातात. म्हणून आठवड्याला एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि महिन्याला एक प्रत दुसऱ्या गावच्या कार्यालयात: चिपळूणची रत्नागिरीला, रत्नागिरीची देवगडला, देवगडची चिपळूणला.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. गौरी-विसर्जन होईपर्यंत कार्यालयं बंद, आणि पुढेही कुणी लगेच सापडणार नाही.

९ सप्टेंबर, देवगड

स्थलांतर झालं. जुन्या प्रोग्रामच्या फाइली साध्या मजकुराच्या निघाल्या, त्यामुळे आयात सुरळीत. प्रत्येक पत्र इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि एक मोकळी जागा अशा ओळीने सुरू होतं, खाली शीर्षकं, मग मजकूर, मग पुढचं पत्र. एमबॉक्स म्हणतात तो हाच प्रकार. इतका साधा की नोटपॅडमध्येही उघडतो.

ताईंना मुद्दाम उघडून दाखवलं. इंग्रजी पत्रं वाचता येत होती; मराठी पत्राच्या जागी बरोबरच्या चिन्हांची रांग: =ई०=ए४=८६ वगैरे. घाबरल्या. मग समजावलं की तीन-तीन तुकडे म्हणजे एक अक्षर, युनिकोडमधलं प्रत्येक देवनागरी अक्षर ई० ए४ किंवा ई० ए५ ने सुरू होतं, आणि हे पहिलं म्हणजे ‘आ’. पुढचे तुकडे मी सांगत गेलो, त्या अक्षरं लावत गेल्या, ‘आंबा’ झालं. मग म्हणाल्या, म्हणजे प्रोग्राम नसला तरी पत्र आहेच की! हेच मला सांगायचं होतं. डेटा वेगळा ठेवण्याचा अर्धा उपयोग जागेत आहे, अर्धा तो दुसऱ्या कुणालाही वाचता येईल अशा रूपात असण्यात आहे.

थंडरबर्डमध्ये प्रत्येक पत्राची वेगळी फाइल करणारा मेलडिर प्रकारही निवडता येतो. बॅकअपला तो सोपा, कारण नव्या पत्रांपुरतीच प्रत काढावी लागते. तरी एमबॉक्सच ठेवला. त्याच्यावर चालणारी साधनं जास्त आहेत.

१० सप्टेंबर, देवगड

ज्या कोपऱ्याचा विचार कुणीच केला नव्हता तो समोर आला. जुन्या पत्रांना जोडलेल्या वर्डच्या फाइली उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला. युनिकोड रुळण्याआधीच्या एका देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. फाइल शाबूत, पण ती वाचायला लागणारा फॉन्ट जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरात, फॉन्ट्सच्या आत. टपाल आणलं, प्रोग्राम नवा टाकला, आणि अर्थ तिसऱ्याच ठिकाणी राहून गेला.

सुदैवाने जुनं मशीन अजून भंगारात गेलेलं नाही. त्यावर फॉन्ट आहे. तिथे या फाइली उघडून पीडीएफ करायच्या, म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच बांधला जातो. मूळ फाइलीही ठेवायच्या. मराठी कार्यालयाचं मशीन बदलताना फॉन्ट्सचा फोल्डर आधी बघायचा, हे नियमाच्या कागदावर चढवलं.

१७ सप्टेंबर, चिपळूण

डी ड्राइव्हच्या निर्णयाची किंमत आज भरली. युजर फोल्डरचा एक गुण असतो: दुसऱ्या साध्या लॉगिनला तो उघडत नाही. डीवर नवा फोल्डर केला की तो नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळ्यांना उघडा. अध्यक्षांचं टपाल शिपायाच्या लॉगिनमधून वाचता आलं तर नियम काय कामाचा? प्रत्येकाच्या फोल्डरवर सिक्युरिटीत जाऊन वरून आलेल्या परवानग्या तोडल्या आणि फक्त तो युजर, सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर ठेवले. दुसऱ्या लॉगिनने उघडून बघितलं, ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं.

दुसरा धोका बॅकअपचा. प्रोफाइलमध्ये की४.डीबी आणि लॉगिन्स.जेसन या दोन फाइलींत खात्यांचे पासवर्ड असतात. प्रायमरी पासवर्ड, म्हणजे या साठवलेल्या पासवर्डांवरचं कुलूप, लावलेला नसेल तर प्रोफाइलची प्रत ज्याच्या हाती लागली तो ती आपल्या मशीनवर उघडून पासवर्ड वाचू शकतो. पेनड्राइव्ह एसटीत विसरला की संस्थेच्या खात्याची किल्लीच गेली. तेव्हा सगळीकडे प्रायमरी पासवर्ड, आणि गावाबाहेर जाणाऱ्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. पासवर्ड सचिवांच्या तिजोरीत, कागदावर.

२४ सप्टेंबर, रत्नागिरी

हिशेबाच्या टेबलावर विंडोज नाही, उबुंटू लिनक्स आहे. तिथे कामच थोडं. प्रोग्राम एका बाजूला, माणसाचं सगळं होम फोल्डरात, आणि ही विभागणी त्या जगात मुरलेली. बघायचं एवढंच की थंडरबर्ड कुठल्या मार्गाने आलाय. साधं पॅकेज असेल तर टपाल होममधल्या .थंडरबर्डमध्ये, स्नॅप असेल तर होममधल्या स्नॅप फोल्डराच्या आत, फ्लॅटपॅक असेल तर .व्हारमध्ये. तिन्ही होमच्या आतच, म्हणून होमची प्रत काढली की झालं.

३ ऑक्टोबर, रत्नागिरी

काल दसरा, आज परतवण्याची चाचणी. बॅकअप घेणं हे अर्धं काम. तो परत उभा राहतो की नाही हे बघितल्याशिवाय मी कागदावर सही करणार नव्हतो.

कोऱ्या मशीनवर थंडरबर्ड टाकला, देवगडची प्रत डी ड्राइव्हवर ठेवली, प्रोफाइल मॅनेजरमधून फोल्डर दाखवला. पत्रं, पत्ते, चाळण्या, सह्या सगळं जागेवर. चिपळूणच्या प्रतीला मात्र अडथळा: प्रोफाइल या थंडरबर्डपेक्षा नव्या आवृत्तीत वापरलेलं आहे, म्हणून उघडायला नकार. आवृत्ती ६८ पासून हा पहारा आहे आणि तो योग्यच आहे, नाहीतर जुना प्रोग्राम नव्या फाइली बिघडवू शकतो. प्रोग्राम अद्ययावत केला, उघडलं. तेव्हा प्रोग्राम आणि टपाल कितीही वेगळे ठेवले तरी प्रत्येक प्रतीबरोबर आवृत्तीचा आकडा लिहिलेला हवा. प्रत काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो आपोआप लिहिला जाईल असं केलं.

स्क्रिप्ट रोबोकॉपी या विंडोजच्या प्रत काढणाऱ्या आज्ञेवर चालते. ती आधी थंडरबर्ड बंद आहे का बघते, कारण उघड्या फाइलीची प्रत भरवशाची नसते. आरशासारखी हुबेहूब प्रत ठेवणारा पर्याय जाणूनबुजून वापरलेला नाही. मूळ फोल्डर चुकून रिकामा झाला तर त्या पर्यायाने बॅकअपही रिकामा होतो. प्रत्येक वेळी तारखेचा नवा फोल्डर. जागा कमी पडली तर सर्वांत जुना माणसाने बघून पुसायचा.

७ ऑक्टोबर, रत्नागिरी

मेल प्रोग्राम बनवणाऱ्या कुणाच्या हाती या नोंदी पडल्या तर एवढी विनंती. पहिलं खातं उघडताना एक ओळ दाखवा: तुमची पत्रं या फोल्डरात राहतील; खाली ‘जागा बदला’ असं बटण. आज थंडरबर्डमध्ये हे कळायला मदतीच्या मेनूतून ट्रबलशूटिंगच्या पानावर जावं लागतं. बिघाड झाल्यावरच माणसाने आपली पत्रं शोधावीत, असं त्यातून ध्वनित होतं. प्रोग्राम काढून टाकला तरी टपाल तसंच राहतं हे थंडरबर्ड आजही पाळतो, त्याबद्दल त्याचे आभार. परत न मिळणारं आणि पुन्हा बनवता येणारं अशा दोन वेगळ्या फोल्डरांत प्रोफाइल विभागलं, तर बॅकअप निम्म्या आकाराचा नसला तरी निम्म्या काळजीचा नक्की होईल.

१४ ऑक्टोबर, रत्नागिरी

देवगड आणि चिपळूण पूर्ण. रत्नागिरीत जावक विभागाचं एक मशीन दुकानदाराकडून यायचंय. तोवर जुन्यावरून नेट काढून ठेवलंय, टपालाची प्रत काढून झालीय.

प्रत्येक मशीनच्या डेस्कटॉपवर ‘माझी पत्रं’ नावाचा शॉर्टकट आहे, तो थेट डीवरच्या फोल्डरात जातो. डब्यावर आतल्या बाजूला चिकटपट्टी: टपाल डीला, फॉरमॅट करण्याआधी सचिवांना फोन. चिपळूणच्या डब्याला टेबलाखालून काढून भिंतीवरच्या फळीवर बसवलंय, २०२१ च्या रेघेच्या वर.

राहिलेलं: चिपळूणची हरवलेली पत्रं रत्नागिरीच्या मेलमधून गाळणं सुरू आहे, सेंट झालं, इनबॉक्स बाकी. देवगडच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचे पीडीएफ ताई करतायत. व्हर्च्युअलस्टोअरमधला मूळ फोल्डर वर्षभर हलवायचा नाही. पुढची परतवण्याची चाचणी डिसेंबरात, मोहोराच्या फवारण्या सुरू होऊन सगळे बागेत जाण्याआधी.